कार्डावर न लिहिलेलं

३ मार्च, मंगळवार

साडेनऊला हॉस्पिटल. अकराला डॉक्टर भेटल्या. एक वाजता घरी. पूर्ण दिवसाची रजा टाकली होती. दुपारी हिचा डोळा लागला तेव्हा मी मोरीतल्या नळाचा वायसर बदलला.

ही वही का घेतली ते आधी लिहितो. हॉस्पिटलने एक पिवळं कार्ड दिलं आहे. हिला काही त्रास झाला की त्यावर लिहायचं आणि प्रत्येक डोसच्या आधी दाखवायचं. कार्डावर एका दिवसाला एकच ओळ आहे. लिफ्टच्या मशीनरूममधल्या लॉगबुकात एकतीस वर्षं मी एका ओळीतच लिहीत आलो, तेव्हा ओळीची अडचण नाही. पण लिफ्टचं काय लिहायचं ते मला कळतं, माणसाचं कळत नाही. म्हणून इथे सगळं लिहीन आणि कामाचं तेवढं कार्डावर उतरवीन.

हिच्या मूत्रपिंडातली गाठ मागच्या वर्षी काढली. आता फुफ्फुसात तीन ठिकाणी दिसते आहे. नवं औषध तीन आठवड्यांतून एकदा शिरेतून देणार. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. रक्तात टी पेशी असतात. त्या अंगभर गस्त घालतात आणि परकं काही दिसलं की मारतात. अशी पेशी एकदा पेटली की थांबणार कशी, तर कामाला लागताच तिच्या अंगावर ब्रेकची कळ उगवते. ती कळ दाबली की पेशी शांत होते. गाठ लबाड असते. ती ही कळ हेरते आणि पेशी जवळ आली की दाबते. पेशी मग शेजारी नुसती उभी राहते. औषध त्या कळेवर झाकण घालतं, म्हणजे गाठीला ती दाबता येत नाही.

मी विचारलं, "ही कळ गाठीशिवाय आणखी कोण दाबतं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सगळेच. यकृत, आतडं, त्वचा, हृदय. आपल्या प्रत्येकात अशा काही पेशी असतात ज्या आपल्यावरच उठू शकतात. त्यांना रोज गप्प बसवावं लागतं. आम्ही त्याला सहनशीलता म्हणतो. शरीर स्वतःला सहन करतं ना, ते आपोआप होत नाही हो. ते सतत चाललेलं काम आहे. या औषधाने त्या कामात ढिलाई येते. म्हणून हे कार्ड. बारीकसारीकही लिहा. लवकर कळलं तर आम्ही औषध थांबवून दुसऱ्या गोळ्यांनी आवरू शकतो."

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "पंधरा वर्षं पाचवीला शिकवलं, पण इतका पुढचा बाक कोणी धरला नव्हता. तुम्हाला दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापला?"

"माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत त्याचा."

६ मार्च, शुक्रवार

पहिला डोस. दीड तास लागला. त्रास काही नाही. कार्डावर तसं लिहिलं.

हिने डॉक्टरांकडून एक वचन काढून घेतलं. तिसऱ्या डोसनंतर स्कॅन. तो बरा आला तर हिला मुलीकडे जाता येईल. मुलीचे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतात. तिचं गाव विमानाने जायच्या अंतरावर आहे. हिने घरी येताच १६ मेचं तिकीट काढलं. मी म्हटलं, स्कॅन होऊ दे. म्हणाली, "तिकीट काढलं की स्कॅनलाही लाज वाटेल."

२५ मार्च, बुधवार

हिचं पोट बिघडलं. दिवसात चार वेळा. काल तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे बाहेरचं खाल्लं होतं. कार्डावर लिहिलं.

२७ मार्च, शुक्रवार

दुसरा डोस दिला नाही. नर्सने कार्ड वाचलं, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी एक आठवडा थांबायला सांगितलं आणि तपासण्या केल्या. संध्याकाळपर्यंत पोट ठीक झालं. बाहेरच्या खाण्याचंच होतं.

ही घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "आता तिसरा डोस चोवीस एप्रिलला. स्कॅन मेमध्ये. आणखी एक आठवडा असा गेला तर सोळा तारीख गेली. तुम्हाला आनंद झाला असेल. वही पूर्ण झाली."

मी म्हटलं, "लिहायचं म्हणून सांगितलं होतं."

"तुम्हाला कोणी विहिरीत उडी मारायला सांगितलं तर उडी मारण्याआधी वेळ लिहाल."

 मी चहा केला. तिने घेतला नाही. नंतर थंड झालेला घेतला.

३ एप्रिल, शुक्रवार

दुसरा डोस. सगळं ठीक.

८ एप्रिल, बुधवार

आमच्या इमारतीची लिफ्ट मीच बंद केली. ब्रेकचं अस्तर एका बाजूने झिजलं आहे. नवीन यायला महिना लागेल असं कंपनी म्हणते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली गाठलं. "अहो, तुम्ही राहता त्याच इमारतीची लिफ्ट तुम्हीच बंद करता? जगात न्याय उरला नाही." मी म्हटलं, लॉगबुकात लिहिलं की बंद करावीच लागते. त्या म्हणाल्या, "मग लिहू नये!"

कामावर सगळे हेच म्हणतात. आमच्यात ब्रेकबद्दल एक शब्द जरी वहीत चढला तरी इन्स्पेक्टरची सही होईपर्यंत लिफ्टला कुलूप. म्हणून बरेच मेकॅनिक किरकोळ गोष्ट एकमेकांना तोंडी सांगतात, वहीत चढवत नाहीत. "जरा घासते आहे, लक्ष ठेव." मी आजवर एकदाही तसं केलं नाही. त्यावरून माझं नाव वहीवाले पडलं. माझा जोडीदार तर फोनवरही हेच म्हणतो, "वहीवाले, आज कुणाला जिने चढायला लावलंत?" मी मनावर घेत नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. चौसष्ट पायऱ्या. हिला विचारलं, चालेल ना. म्हणाली, व्यायाम होईल.

१४ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी दोघं भाजी घेऊन आलो. पिशव्या माझ्याकडे होत्या. मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो तरी ही मागे दिसेना. परत उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात कठड्याला टेकून उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही. पाट्या वाचत होते. दंतवैद्याच्या पाटीचा एक स्क्रू गेलाय, लक्षात आलं का तुमच्या? रोज जाता इथून. आणि शिकवणीवाल्या बाईंनी गणिताचा ग दोनदा रंगवलाय."

मी पाहिलं. खरंच स्क्रू नव्हता. पाटी एका कोपऱ्यात सुटली होती. तिची नजर पहिल्यापासून बारीक आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

हिची डावी पापणी थोडी खाली आल्यासारखी दिसते. सकाळी नव्हती, दुपारी होती. मी कार्ड घ्यायला उठलो.

ती म्हणाली, "काय लिहिताय?"

"पापणी."

"रात्री झोप झाली नाही म्हणून आहे ती. हे लिहू नका."

मी उभाच होतो. ती म्हणाली, "अहो. मी आजवर तुम्हाला काही लिहू नका म्हणून सांगितलं आहे का? तीस वर्षांत? हे एक लिहू नका. चोवीस तारखेला डोस होऊ दे. मग लिहा. पापणीबद्दल निबंध लिहा, मी तपासून देईन."

कार्ड टेबलावर ठेवलं. आजची ओळ रिकामी सोडली. इथे मात्र लिहितो आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

पापणी सकाळी ठीक. संध्याकाळी पुन्हा खाली. मांड्या दुखतात म्हणाली. चौसष्ट पायऱ्या रोज म्हटल्यावर कुणाच्याही दुखतील. माझ्याही दुखतात.

कार्ड: त्रास नाही.

१९ एप्रिल, रविवार

मुलीचा फोन. आई आणि लेक पाऊण तास बोलत होत्या. मी खोलीत गेलो की हिचा आवाज मोठा व्हायचा आणि पाळण्याच्या चादरीबद्दल बोलणं सुरू व्हायचं. शेवटी फोन माझ्याकडे दिला. मुलीने विचारलं, "बाबा, आई ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे.  मग म्हणाली, "तुम्ही लिहिताय ना सगळं?" मी म्हटलं, लिहितो आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

तिसरा डोस दिला.

नर्सने कार्ड पाहिलं. एप्रिलच्या सगळ्या ओळी स्वच्छ. "वा, परीक्षेत पहिल्या आलात," ती म्हणाली. हिने पावडर लावली होती आणि गडद रंगाची साडी नेसली होती. चष्मा घातला होता, जो ती फक्त वाचताना घालते. नर्सने विचारलं, नवीन काही? ही म्हणाली, "एकदम झकास." मग नर्सने माझ्याकडे पाहिलं. घरातल्यांनाही विचारतात ते.

मी म्हटलं, "काही नाही."

घरी येताना ही खुशीत होती. जिना चढायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यावर बसली, तिसऱ्यावर बसली. मी म्हटलं उद्या डॉक्टरांना फोन करतो. म्हणाली, सोमवारी करा, शनिवार-रविवार त्यांनाही घर आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

परवा सकाळी सव्वासातला ही स्वयंपाकघरात पडली. गॅसवर दूध होतं. मी दूध बंद केलं आणि मग तिच्याकडे गेलो. हा क्रम मला आठवतो.

रुग्णवाहिकेच्या दोन माणसांना स्ट्रेचर चार मजले वर आणता येईना, वळणं अरुंद आहेत. त्यांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. त्यातला एक म्हणाला, लिफ्ट का बंद आहे? मी सांगितलं, ब्रेकचं काम आहे.

हृदयाचे ठोके मिनिटाला तीसवर आले होते. आता तात्पुरतं यंत्र लावलं आहे, ते ठोके देतं.

डॉक्टर काल मला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, पेशी हृदयाच्या स्नायूत शिरल्या आहेत. ज्या कळेने हृदय त्यांना थोपवून धरतं तीच कळ औषधाने झाकली. हृदय सांगतं आहे की मी आपलाच आहे, पण ऐकणारं कोणी नाही. असं शंभरात एखाद्याला होतं. मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू केलं आहे.

मग विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का? दम लागणं, अंग दुखणं, पापणी जड होणं?"

त्यांनी पापणी म्हटलं. त्यांना पापणी माहीत होती.

मी म्हटलं, "कार्डावर आहे तेवढंच."

३० एप्रिल, गुरुवार

ही जागी आहे, थोडं बोलते. डोळे दोन्ही अर्धे मिटलेले असतात. मला म्हणाली, "तिकीट परत करू नका एवढ्यात." मग म्हणाली, "वहीवाले, आता लिहा काय लिहायचं ते." मी म्हटलं, वही घरी आहे. हसली बहुतेक. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

मला तिला सांगायचं होतं. काय ते नेमकं ठरत नव्हतं. नर्स नळी बदलायला आली आणि मला बाहेर काढलं.

२ मे, शनिवार

आज बोलली नाही. मी हात धरला होता. दुसरं औषधही सुरू केलं आहे. दोन तास बसलो. बोलावं असं सगळे सांगतात, त्यांना ऐकू येतं म्हणतात. मी तिला सांगितलं की ब्रेकचं अस्तर आलं.

४ मे, सोमवार

दुपारी दोन चाळीसला ही गेली.

१२ मे, मंगळवार

मुलीला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. आठवा महिना संपला आहे. जावई दोन दिवस येऊन गेला. चांगला माणूस आहे, भांडी घासून ठेवत होता. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, चार दिवस राहिला. तो बोलत राहतो, त्यामुळे मला बोलावं लागलं नाही. जाताना म्हणाला, "दाजी, एकदा रडून घ्या. असं आत ठेवून चालत नाही." मी म्हटलं, बरं.

तो गेल्यावर बसलो. जमलं नाही. मग त्याने वापरलेल्या चादरी धुतल्या.

१४ मे, गुरुवार

कामावर गेलो. ब्रेकचं नवं अस्तर आमच्या इमारतीत आज बसवलं. जोडीदार सोबत होता. ब्रेक हाताने उघडून पाहायचा असला की दोन माणसं लागतात. लिफ्ट एरवी ब्रेकनेच धरलेली असते. तो उघडला की ती वजनाच्या दिशेने आपली आपण सरकायला लागते, आधी इतकी हळू की कळत नाही. एक जण ब्रेकचा दांडा दाबून उघडा धरतो. दुसरा दोरावरच्या खुणेकडे पाहत मोठ्याने बोलत राहतो, हलतेय, हलतेय, ठीक, ठीक. दुसऱ्याने गप्प व्हायचं नाही. तो गप्प झाला की पहिल्याने काही न विचारता दांडा सोडून द्यायचा. शिकाऊ असताना हे पहिल्या दिवशी शिकवतात.

आज जोडीदार दांड्यावर होता आणि मी खुणेपाशी. मी बोलत होतो. मधेच माझं बोलणं थांबलं. त्याने दांडा सोडला. खाड्कन आवाज झाला.

"काय झालं?"

"काही नाही. खूण ठीक होती."

"मग गप्प का झालात?"

मी दोरावरची खूण पुन्हा पाहिली. हिच्या वेळी दुसरा माणूस मी होतो.

१६ मे, शनिवार

विमान सकाळी अकराचं होतं. दिवसभर घरीच होतो.

२० मे, बुधवार

डॉक्टरांचा फोन आला म्हणून गेलो. त्यांना काही कागदांवर सही हवी होती. सही केल्यावर त्यांनी स्कॅन दाखवला. शेवटच्या आठवड्यात हृदयासाठी काढला होता, त्यात फुफ्फुसंही आली. तीनपैकी दोन गाठी निम्म्या झाल्या होत्या. तिसरी शोधावी लागली.

"औषध लागू पडलं होतं," त्या म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं."

मी म्हटलं, सांगितलंत ते बरं केलंत. त्यांचे आभार मानले. खाली येऊन रिसेप्शनला रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर बाईने विचारलं, काय हवंय. मला काही नको होतं. बहुतेक सवयीने.

३ जून, बुधवार

मुलीला मुलगी झाली. पहाटे. दोघी खुशाल. जावयाने फोटो पाठवला. नाक हिच्यासारखं आहे असं मला वाटलं. लहान बाळाचं नाक कुणासारखंही वाटतं असं ही म्हणायची.

१७ जून, बुधवार

हिचं कपाट आवरायला काढलं. हॉस्पिटलने दिलेलं माहितीपत्रक स्वेटरच्या घडीत सापडलं. आम्हाला एकच मिळालं होतं आणि ते हरवलं असं ती म्हणाली होती. दुसऱ्या पानावर त्रासांची यादी आहे. हिच्या तांबड्या पेन्सिलीने तीन ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या आहेत. पापणी जड होणे. स्नायू दुखणे. श्रम न करता दम लागणे. पुढे ठळक अक्षरात लिहिलं आहे, त्वरित कळवा. तिथे खूण नाही. समासात बारीक आकडे आहेत, ३८, ३७, ३६, असे २२ पर्यंत. कसले आकडे ते आधी कळेना. मग कॅलेंडर घेतलं. आठ एप्रिलपासून चोवीसपर्यंत. सोळा मेला उरलेले दिवस.

आकडे नीट एकाखाली एक लिहिले आहेत. 

पत्रक मिळाल्यावर माझं ओझं कमी व्हायला हवं होतं. झालं नाही. तिने स्वतःपुरतं ठरवलं असेल. नर्सने मला विचारलं होतं.

१९ जून, शुक्रवार

पिवळं कार्ड काढलं. ही वही शेजारी ठेवली आणि एप्रिलच्या ओळी भरल्या. १४: जिन्यात थांबली, पाट्या वाचत असल्याचं सांगितलं. १६: डावी पापणी, दुपारी. १७: पापणी संध्याकाळी, मांड्या. पुढच्याही. २४: जिना चढायला वीस मिनिटं. ज्या ठिकाणी आधी त्रास नाही असं लिहिलं होतं ते खोडलं नाही, त्याच्या खाली लिहिलं. लॉगबुकात खोडायची पद्धत नाही.

२२ जून, सोमवार

कार्ड डॉक्टरांना दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग बसल्या आणि पुन्हा वाचलं.

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. नर्सलाही. पापणी मला आठ दिवस आधी दिसली होती."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सोळा तारखेला कळतं तर आम्ही तिसरा डोस दिला नसता. स्टेरॉइड तेव्हाच सुरू केलं असतं. त्याने वाचल्या असत्या का, ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. काही वाचतात."

"काही म्हणजे किती?"

"लवकर कळलं तर बरेच."

त्यांनी थातूरमातूर सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, असे बरेच जण लपवतात, औषध थांबेल या भीतीने. आता कार्डावर छापून घेऊ की डोस पुढे गेला म्हणजे उपचार संपले असं नाही, आणि घरच्यांशी वेगळं बोलू. "हे कार्ड माझ्याकडे ठेवू का? नाव काढून टाकते."

मी ठेवा म्हटलं. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "घरी कोण आहे तुमच्या?" मी म्हटलं, लिफ्ट चालू झाली आहे. काहीतरी भलतंच बोललो. त्यांनी मान हलवली.

२८ जून, रविवार

मुलीला सांगितलं. फोनवर. समोर सांगायला हवं होतं पण समोर मला जमलं नसतं. पापणी, कार्ड, नर्स, सगळं तारखांसह वाचून दाखवलं. पलीकडून बाळाचा आवाज येत होता. ती शेवटी म्हणाली, "बाबा, मी नंतर करते," आणि फोन ठेवला.

तिचा राग रास्त आहे.

५ जुलै, रविवार

मुलीचा आठ दिवसांनी फोन आला. "जेवलात का?" म्हणाली. मी हो म्हटलं. मग एकदम बोलायला लागली.

"आईने मला सांगितलं होतं. त्या रविवारी. छातीत फडफड होते आणि जिन्यात दोनदा बसावं लागतं. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ते लगेच कार्डावर लिहितील आणि माझी सोळा तारीख जाईल. मला शपथ घातली. मी फोनवर तुम्हाला विचारलं ना, सगळं लिहिताय ना म्हणून? मला वाटलं तुम्ही लिहीतच असाल. तुम्ही नेहमी लिहिता. मला वाटलं, मी नाही बोलले तरी बाबा आहेत."



मला वाटलं होतं तिला माझा राग आला आहे. दोन महिने ती हे पोटात घेऊन होती, आणि तेव्हा पोटात बाळही होतं.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आता सुचतं आहे. तेव्हा सुचलं नाही. मी रिसीव्हर धरून बसलो. ती रडत होती. मग मी म्हटलं, "हलतेय, हलतेय, ठीक, ठीक." तिला लहानपणी मी एकदा मशीनरूममध्ये नेलं होतं, तेव्हा तिने हे ऐकलं होतं. घरी येऊन महिनाभर आईच्या मागे तसं ओरडत फिरायची.

"बाबा, हे काय?" ती म्हणाली.

"काही नाही. फोन ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. आम्ही फार बोललो नाही. ती बाळाला पाजत होती, मी भाजी निवडत होतो. एक तास वीस मिनिटं झाली. मधे मधे ती विचारायची, आहात ना? मी म्हणायचो, आहे.

११ जुलै, शनिवार

सकाळी खाली जाताना आमच्या लिफ्टमधून बारीक घासल्यासारखा आवाज आला. पहिल्या मजल्याजवळ. कानाला लागेल न लागेल एवढा. तळमजल्यावरच्या मशीनरूममध्ये जाऊन पाहिलं. नव्या अस्तराची एक बाजू किंचित जास्त दाबते आहे. महिनाभर काही होणार नाही. दोन महिनेही नाही.

लॉगबुकात लिहिलं. कुलूप लावून पाटी टांगली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तिथेच होत्या. "परत? आत्ता तर नवीन बसवली!"

"घासते आहे."

"चालत तर होती की हो!"

"हो," मी म्हटलं. "चालत होती."

 त्यांची पिशवी मी दुसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिली. त्या आत गेल्यावर जिन्यात उभा राहिलो. दंतवैद्याची पाटी अजून तशीच आहे, कोपऱ्यात सुटलेली. शिकवणीचा ग दोनदा रंगवलेला.

खिशात पेचकस असतोच. स्क्रूसाठी परत खाली गेलो, मशीनरूमच्या डब्यात त्या मापाचा एक सापडला. वर येऊन बसवला. पाटी हलवून पाहिली. मग उरलेल्या बत्तीस पायऱ्या चढून घरी आलो.